वरच्या वस्तीचं शून्य

सिस्टरचं दुपारचं काम ठरलेलं होतं. चारच्या सुमाराला शेवटचं बाळ टोचून, रडवून झालं की ती सुया डब्यात टाकायची, हात धुवायची, अर्धा कप चहा घ्यायची आणि टॅब मांडीवर घेऊन बसायची. तिच्या उपकेंद्राखाली चार वस्त्या. प्रत्येक वस्तीत आज ताप किती, जुलाब-उलट्या किती, खोकला किती, हे पाचच्या आत पाठवायचं. कुणी आजारी नसेल तर शून्य पाठवायचं, पण पाठवायचंच. कारण तिकडे मोठ्या केंद्रात एक यंत्र सगळे आकडे घेऊन बसलेलं असायचं. एखाद्या वस्तीचा आकडा चढला की नकाशावरचं तिचं टिकलीएवढं वर्तुळ हिरव्याचं पिवळं व्हायचं, मग लाल. लगेच गाडी निघायची. साथ उंबरा ओलांडायच्या आत तिला गाठायचं, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

तीन वस्त्या पायाखालच्या. चौथी वरची, अकरा घरांची, दीड तासाच्या चढणीवर. सिस्टरचे गुडघे महिन्यातून एकदाच तिथे जायला राजी व्हायचे. बाकी दिवस वरून काकूचा फोन यायचा. काकू म्हणजे वाटेवरच्या पहिल्याच घरातली बाई, केंद्राने नेमलेली. तिचा फोन बरोबर चार चाळीसला. मोजायची मात्र उलटं, अकराव्या घरापासून सुरू करून शेवटी स्वतःचं. आधी लोकांचं, मग आपलं, असं तिचं म्हणणं. सिस्टर वर येणार असली की काकू ओट्यावर पाणी ठेवायची, निळ्या काठाच्या पांढऱ्या पेल्यात, वर ताटली झाकून. पेल्याच्या काठाचा एक टवका उडालेला. सिस्टर दरवेळी म्हणायची, काकू, आता तरी नवा घ्या. काकू म्हणायची, तुमचे गुडघे बदला आधी.

त्या काकूला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

ती कशी गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं. का गेली हे मात्र दोघांनाच, सिस्टरला आणि तिच्या नवऱ्याला. गेल्या वर्षी सिस्टरच्या मुलीचं बाळंतपण तारखेच्या आधीच आलं. रजा मंजूर होईना. सिस्टर न सांगता चार दिवस लेकीकडे जाऊन राहिली; टॅब आणि केंद्राचा फोन नवऱ्याच्या हवाली केला. नवरा विजेच्या मीटरवरचे आकडे टिपण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला, म्हणून सगळे त्याला मीटरवाले म्हणत. टॅबवर एक बटण होतं, 'कालप्रमाणेच'. ते दाबलं की कालचे आकडे आजच्या तारखेला जात. मीटरवाल्यांना ते भलतंच आवडलं. "बंद घरांना मागचंच रीडिंग टाकलं मी तीस वर्षं," ते म्हणाले, "कुणाचा दिवा विझला नाही."

त्यांनी चारही दिवस ते बटण दाबलं. चार चाळीसला फोन रोज वाजायचा; दुसऱ्या दिवसापासून तो वाजतच राहायला लागला. पुरुषाने उचलला तर सिस्टर जागेवर नाही हे कळायचं, म्हणून त्यांनी तो उशीखाली सारला. पाचव्या दिवशी वरच्या वस्तीतून माणसं खाटेवर खाली आली. पाण्यातून पसरलेली हगवण होती. सहा जण गेले. सगळ्यात शेवटी काकू.

चौकशीत सिस्टरने सांगितलं, वरून फोन आला नाही. घरी आल्यावर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मीटरवाले हळूच म्हणाले, "मेलेलं माणूस साक्षीला येत नाही."

काकूच्या जागी कुणी नेमलं गेलं नाही. पहिले दोन महिने सिस्टर दर आठवड्याला चढण चढली. मग गुडघे दुखले, मग वाट निसरडी झाली. मग पुन्हा ते बटण आलं.

त्या सोमवारीही तिने वरच्या वस्तीसाठी तेच दाबलं. शून्य गेलं. मंगळवारी सकाळी मोठ्या केंद्रातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. वरच्या वस्तीत जुलाबाचा एक रुग्ण दिसतोय, घर अकरा, मुलगा, वय सात. सिस्टर म्हणाली, बोट चुकलं असेल माझं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण रागवायच्या नाहीत. त्यांनी खोडून शून्य केलं.

मंगळवारी सिस्टरने बटण दाबलं नाही. बोटाने शून्य लिहिलं, दोनदा वाचलं, मग पाठवलं. बुधवारी सकाळी पुन्हा फोन आला. आता तीन होते. घर अकरा, घर नऊ, घर आठ. सिस्टरने कागदावर लिहून घेतलं आणि त्या उतरत्या आकड्यांकडे बघत बसली. तिची स्वतःची वही एकपासून सुरू व्हायची. अकरापासून मोजणारं सगळ्या भागात एकच माणूस होतं.

मीटरवाले म्हणाले, अगं, यंत्रच ते, त्याचंही डोकं फिरतं. पण दुपारी चहा घेताना त्यांनी फोनकडे पाठ केली होती.

बुधवारी तिने टॅब बंद केला, लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. गुरुवारी डॉक्टरीणबाईंचा आवाज बदललेला होता.

"सिस्टर, सहा झालेत. शेवटचं घर क्रमांक एक. पाठवणाऱ्याच्या जागी तुमचंच नाव आहे... वेळ चार चाळीस."

सिस्टरने कमरेची किल्ली चाचपली. ती जागेवरच होती.

"वर्तुळ पिवळं झालंय. गाडी उद्या येईल. तुम्ही आजच वर जाऊन बघा."

ती भर दुपारी निघाली. ऊन असं लख्ख की सावलीसुद्धा पायाखाली दडलेली. वाटेत पाखरू नाही, वारा नाही. स्वतःच्याच चपलांचा आवाज मागून कुणी येत असल्यासारखा येत होता. ती थांबली की तो एक पाऊल उशिरा थांबायचा. आजारी माणसं असली तर मागचं सगळं उकरलं जाणार, आणि नसली तर हे आकडे कुणाचे... दोन्ही विचार सारखेच जड होते.

पहिलं घर आलं तेव्हा तिच्या घशाला कोरड पडली होती. दार ओढलेलं. ओट्यावर पेला होता, वर ताटली. काकूच्या सुनेने लांबून बघून ठेवला असेल, असं वाटून तिने एका दमात पाणी संपवलं. गार होतं. किंचित वास होता, पेल्याचा असेल.

मग ती अकराव्या घरापर्यंत गेली आणि तिथून उलटी मोजत आली. सात वर्षांचा मुलगा झाडावर होता. नवव्या घरातली म्हातारी म्हणाली, वाट चुकलात का बाई? अकराही घरं ठणठणीत. कुणाला साधी सर्दी नाही.

काकूची सून रानातून येताना वाटेतच भेटली. तिला घेऊन सिस्टर पाण्याची टाकी बघायला गेली. टाकी नुकतीच दुरुस्त झाली होती. तोवर सगळे लांबच्या झऱ्यावरून पाणी आणत होते. कालच ती भरली होती, नळ उद्या सकाळी सोडायचे होते. झाकण सरकलेलं होतं. आत काहीतरी फुगून तरंगत होतं. शेपूट तेवढं ओळखू येत होतं. सिस्टरने नाकाला पदर लावला. तो वास तिने थोड्या वेळापूर्वीच घेतला होता.

माणसं जमली. टाकी रिकामी केली, घासली, ब्लिचिंग टाकलं. सूर्य कलेपर्यंत काम चाललं. यादीतले सहाचे सहा जण वाचले, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

निघताना सिस्टरने सुनेला विचारलं, "ओट्यावर पाणी तू ठेवलं होतंस ना?"

"मी सकाळपासून घरात नाही, बाई." सून जरा थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "सासूबाईंच्या फोनात शेवटी तुमचाच नंबर होता... एकवीस वेळा. मी मोजलेत."

"चौकशीत बोलली नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

परत फिरताना सिस्टरने ओट्याकडे पाहिलं. पेला नव्हता. ताटलीही नव्हती.

खाली येऊन तिने कपाटातला टॅब काढला आणि उशिरा का होईना, वरच्या वस्तीचं शून्य पाठवलं. कित्येक महिन्यांतलं पहिलं खरं शून्य. घरी जाऊन क्षारसंजीवनीची पुडी पाण्यात कालवून प्यायली आणि पोटावर हात ठेवून पडून राहिली. पोटात काहीच दुखत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी फोन आला. "वरचं वर्तुळ हिरवं झालं, सिस्टर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तुमच्या गावात दोन दिसतायत. काल चार चाळीसला आलेत... उपकेंद्राच्या मागचं घर. बाई, वय बावन्न. पुरुष, वय एकसष्ट. चुकून आले असतील. खोडून शून्य करू?"

सिस्टर फोन कानाला लावून त्याच घराच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मीटरवाले तोंड पुसत होते. त्यांच्या हातात निळ्या काठाचा पांढरा पेला होता.

"हा कुठून आणलास गं?" ते म्हणाले. "बाहेर झाकून ठेवला होतास तो. जरा वास होता, पण गार होतं पाणी."

"नको, मॅडम," सिस्टर फोनमध्ये म्हणाली. "खोडू नका. आणि मागच्या वर्षीचं एक सांगायचं राहिलंय."

तिने सगळं सांगितलं. चौकशी पुन्हा उघडली, टॅब नव्या सिस्टरकडे गेला. मीटरवाल्यांची आणि तिची दोनदा तपासणी झाली; दोन्ही वेळा काही निघालं नाही. दोघं पाणी उकळून पितात. मीटरवाले आता विनोद करत नाहीत.

नव्या सिस्टरला एका गोष्टीचं नवल वाटतं. वरच्या वस्तीचं शून्य रोज चार चाळीसला आपोआप येतं, आणि पडताळायला गेलं की ते खरं निघतं. खालच्या गावाच्या रकान्यात मात्र रोज दोन येतात. ती खोडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, बाई बावन्न, पुरुष एकसष्ट. त्या नोंदीत आधी बटणाचं नाव नसायचं. अलीकडे असतं, 'कालप्रमाणेच'.

यंत्र अजून एकदाही चुकलेलं नाही. ते फक्त आधी सांगतं. किती आधी, ते कुणालाच माहीत नाही.