ड्रायव्हर नंबर चारशे सतरा

"त्या खुर्चीवर नका बसू, मॅडम."

मी दचकले. मे महिन्यातली भर दुपार, वाडीतलं ते मिरचीचं गोदाम... आत कोणीच नाही असं मला वाटत होतं. पोत्यांच्या थप्पीमागून एक उंच, सावळा मुलगा पुढे आला.

"काहून?"

"शालिकराम ड्रायव्हरची आहे ती. गाडी खाली होईतोवर इथंच टेकायचा. जानेवारीत गेला बिचारा." त्यानं आवाज उतरवला. "पण दर गुरुवारी दोन वीसले येते."

आज गुरुवारच होता.

"आणि तुम्ही कोण?"

"केयूर. इथलं सॉफ्टवेअर मीच बनवलं. जिवंत आहो जी... हात लावून पाहा!"

"नंतर पाहीन," मी म्हटलं, आणि माझीच कानशिलं तापली.

मालक भैयाजींनी आमच्या कंपनीतून मला बोलावलं होतं. ट्रकच्या फेऱ्यांची यादी उघडायला चार मिनिटं लागत होती. आज दुरुस्त झालं नाही तर सॉफ्टवेअरही बाहेर आणि केयूरही, असं त्यांनी बजावलं होतं. तरी हा मुलगा मला भुताच्या गोष्टी सांगून घालवायला बघत होता!

दोष मला लगेच सापडला. लेझी लोडिंग. फेरीसोबत ड्रायव्हरचा फक्त नंबर यायचा. नाव लागलं की प्रत्येकासाठी वेगळा शोध. सातशे फेऱ्या, सातशे हेलपाटे. मी फेऱ्या आणि नावं एकाच वेळी मागवली. यादी क्षणात उघडली.

पण त्यातल्या अठरा फेऱ्या गायब होत्या.

मी जुन्या नोंदी काढल्या. अठराही फेऱ्या भिवापूर ते वाडी. अठराही गुरुवारच्या, दोन वाजून वीस मिनिटांच्या. ड्रायव्हर नंबर चारशे सतरा. आणि त्या नंबरामागे नाव... नव्हतंच, म्हणून नावांसोबत मागवताच त्या फेऱ्या गळल्या होत्या. आत माणूस नसलेली नुसती सावली.

"चारशे सतरा कोण?"

केयूरनं खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. "शालिकराम. तो गेल्यावर भैयाजीनं नाव पुसायले लावलं. मीच पुसलं."

"पण या सगळ्या फेऱ्या तो गेल्यानंतरच्या आहेत."

"म्हणूनच म्हणतो, दोन वीसच्या आधी निघा."

दोन अठरा झाले होते. मी उठले नाही. कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग पडद्यावर आपोआप एक ओळ उमटली — फेरी दाखल, चारशे सतरा. कीबोर्डला कोणाचं बोटही लागलं नव्हतं. खाली दुसरी ओळ: शोध, सापडला नाही. पुन्हा शोध... सापडला नाही. कोणीतरी दाराशी उभं राहून आपलंच नाव विचारत असावं, तसं.

मी केयूरचं मनगट गच्च धरलं. त्याची नाडी माझ्याहून जोरात धावत होती.

बाहेर हॉर्न वाजला.

फाटकातून एक ट्रक आत आला. स्टीअरिंगवर एक बाई होती — डोक्याला रुमाल, हातात हिरव्या बांगड्यांऐवजी घड्याळ.

"शामलाताई," केयूर हळूच म्हणाला. "शालिकरामची बायको. जड गाडीचं लायसन आहे तिचं, त्यानंच शिकवलं. भैयाजी म्हणते ड्रायव्हर गेला, करार संपला. पण ट्रक त्यायचाच, त्यातल्या जीपीएसच्या डब्यात अजून जुनाच नंबर आहे. फाटकाजवळ आलं की नोंद होते. नाव कोणी विचारत नाही, म्हणून चालून राहिलं."

"म्हणजे हे तुम्हाला दुरुस्त करता येत होतं?"

"येत होतं. पण केलं असतं तर ताईच दिसेनाशी झाली असती."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही...

मी भैयाजींना बोलावलं आणि त्या फेऱ्या दाखवल्या. एकही उशिरा नाही, एकही पोतं कमी नाही. त्यांनी एकेक ओळ बोटानं तपासली. मग ट्रकपाशी उभ्या असलेल्या शामलाताईंकडे बघून म्हणाले, "टाका तिचं नाव."

मी ताईंचं नाव नव्या नंबरावर चढवलं, शालिकरामांचं जुन्यावर परत आणलं. मग आपल्या फेऱ्या नव्या नंबरावर घेण्यासाठी शेजारी बसून ताई एकेक गुरुवार वाचू लागल्या. "हा माहा. हाही माहाच..." एका तारखेवर त्यांचं बोट थांबलं.

"हा नाही. त्या दिवशी त्यायची तेरवी होती. गाडी अंगणातच उभी होती, वं."

मी पुन्हा पाहिलं. नोंद स्पष्ट होती. वाडी, फाटक, दोन वीस.

"मग... कोणाच्या नावावर टाकू?"

ताई जराही घाबरल्या नाहीत. "त्यायच्याच नावानं राहू द्या," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसून पोती उतरवून घ्यायला गेल्या.

स्कूटीपर्यंत केयूर सोबत आला. ऊन कलत होतं.

"खरं सांगा," मी म्हटलं, "तेरवीची ती नोंद तुम्हीच केली ना? ताईंसाठी?"

त्यानं मान हलवली. "नाही जी. तुम्ही विचारल्यावर हो म्हटलं असतं तर तुम्हाले मी आवडलो असतो... पण नाही केली."

 त्याच्या पापणीवर मिरचीच्या भुकटीचा लाल कण होता. मी तो ओढणीच्या टोकानं टिपला. तो श्वास रोखून उभा होता.

"आवडलात," मी म्हटलं. "आता मागे बसा. मला एकटीनं घरी जायचं नाहीये."