चौदाचा पाना

चालती गाडी कोणीही सांभाळतो हो. उभी गाडी सांभाळणं म्हणजे घरातल्या खाष्ट म्हाताऱ्याची मर्जी राखण्यासारखं. चार दिवस विचारपूस केली नाही की रुसलीच. चामोर्शीतली गुणवंतरावांची पांढरी अॅम्बेसेडर अशीच. मालक नागपूरला, गाडी इथं टिनाच्या शेडात, विटांच्या थप्प्यांवर चढवलेली. आठवड्याला एकदा इंजिन सुरू करायचं, बॅटरीची वायर काढून ठेवायची, उंदरांवर नजर ठेवायची. एवढ्याच कामाचा कोलूला पगार होता, आणि त्याच पगारावर त्याची चूल पेटत होती.

त्या पावसाळ्यात त्याला मलेरियानं धरलं. महिनाभर खाटेला खिळला. उठला तो निरोप आला म्हणून. मालक संध्याकाळी येणार, उद्या लेकराबाळांना घेऊन मार्कंड्याला देवदर्शनाला जाणार.

कोलू तडक शेडाकडे निघाला. महिनाभर हात न लागलेली गाडी! बॅटरी बसली असणार, वायरी कुरतडल्या असणार. गेली म्हणावं नोकरी!

घर राखणाऱ्या केसरबाईनं शेडाचं कुलूप काढून दिलं. कोलूनं बॉनेट उघडलं आणि पाहतच राहिला. एकही वायर कुरतडलेली नव्हती. बॅटरीच्या टोकांना ताजं ग्रीस. आणि आत पळसाच्या सालीनं बांधलेली तंबाखूच्या पानांची जुडी टांगलेली. उंदरांसाठी कोलू डांबरगोळ्या टाकायचा. तंबाखू टांगायचा तो लटारू, त्याचा उस्ताद.

"केसरबाई, शेडात कोन आला होता वो?"

"कोन येईन गा? चाबी माह्याच कमरेले हाय."

"मंग हे तंबाखू?"

बाईनं वाकून पाहिलं, पदर तोंडाशी धरला, अन् निघून गेली.

लटारू मागच्या उन्हाळ्यात गेला होता. याच गाडीखाली, जॅक सरकून. तेव्हापासून कोलू गाडीखाली शिरला नव्हता. वरचं सगळं तो करायचा, खालचं देवाच्या भरवशावर.

भीती वाटली का? वाटली तर! पण खोटं कशाला सांगू, त्याहून जास्त नवल वाटलं. त्यानं वायर जोडून चाबी फिरवली. पहिल्याच दमात इंजिन सुरू! खूश होऊन त्यानं ते बंद केलं, खाली उतरला, आणि पुढच्या चाकापाशी त्याला थेंब दिसला. बोट लावून वास घेतला. ब्रेक ऑइल.

उद्या या गाडीत लेकरं बसणार होती. आता खाली शिरणं भाग होतं. कोलू हत्यारांची पिशवी घेऊन चाकापाशी बसला, पण अंग काही पुढे होईना.

"चौदाचा दे."

खालून आवाज आला. हळू, कामात गुंतलेल्या माणसाचा. उस्तादाला वरून हत्यारं देण्याची कोलूची कितीक वर्षांची सवय. मान न वळवता त्यानं चौदाचा पाना काढला आणि गाडीखाली धरला.

पाना हातातून घेतला गेला.

मग कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. खाली नट आवळल्याची कुरकुर झाली, थांबली. थेंबही थांबला.

"लटारूभाऊ...?"

तंबाखूचा वास दाटत चालला. पळावं असं कोलूला फार वाटलं, पण एकदा वाकून पाहावं असं त्याहून जास्त वाटलं. त्यानं गुडघे टेकले. गाल भुईला लावणार, तोच...

"झालं माह्यं. आता तू ये खाली. किती दिवस वरूनच पाना देऊन राह्यशीन?"

आणि गाडीचा पुढचा भार पेलणाऱ्या थप्पीतली एक वीट, कोणी हळूच ओढावी तशी, बाहेर सरकली.