माळ्यावरचं सामान

आमच्या नागोठण्याच्या घरात पुराचं पाणी दारातून येत नाही, मोरीतून येतं. नवखे लोक दाराला फळ्या ठोकतात, वाळूच्या गोण्या रचतात आणि तोवर मोरीच्या भोकातून गुडगुड करत पाणी स्वयंपाकघरात येऊन बसलेलं असतं. आम्ही आधी मोरीत गोणपाटाचा बोळा कोंबतो आणि त्यावर पाटा ठेवतो. त्यानं पाणी थांबत नाही, पण तासभर मिळतो. त्या तासात काय करायचं हे आमच्या मोहल्ल्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

आधी माणसं वर, मग तांदूळ, मग गाद्या, मग कागद, शेवटी भांडी. एकानं माळ्यावर पालथं पडायचं, दुसऱ्यानं खाली शिडीवर उभं राहायचं. माळ्याचं तोंड जेमतेम दोन फुटांचं. वस्तू वर आली की सगळा उजेड अडतो आणि खालचा माणूस दिसत नाही. म्हणून खालच्यानं शिडीवर दोनदा थाप मारायची, ‘घे’ म्हणायचं, आणि वरच्यानं न बघता हात खाली सोडायचे. ही पद्धत अम्मानं घालून दिलेली. ती जाऊन छत्तीस वर्षं झाली, तरी आम्ही दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं सामान चढवलेलं मला आठवत नाही.

अम्मा पुरातच गेली. मी आठ वर्षांची होते, धाकटा भाऊ फहाद तीनचा. आंबा नदी त्या रात्रीत कशी चढली ते गावातले म्हातारे अजून सांगतात. अब्बा वर घेत होते, अम्मा खालून देत होती, आम्ही दोघं गाद्यांच्या ढिगावर बसून होतो. सगळं वर आलं, फक्त पत्र्याची पेटी राहिली. त्या पेटीत अब्बांचा पासपोर्ट आणि कुवेतचा व्हिसा होता. ती आणायला अम्मा स्वतःहून परत आत गेली आणि पाठची भिंत कोसळली. अम्मा मिळाली नाही, पेटीही नाही. अब्बा कुवेतला गेले नाहीत. अब्बा त्यानंतर कुठेच गेले नाहीत.

हे सगळं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं की मी हळवी बाई आहे. तशी मी नाही. मी पेणला एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते आणि पोरं माझ्या तोंडाला घाबरतात. नवरा मस्कतला असतो. रामवाडीत आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, तिथे अब्बांसाठी एक खोली सहा वर्षं रिकामी ठेवलेली होती. दर पावसाळ्यात मी त्यांना न्यायला जायचे आणि दर पावसाळ्यात तोंड पाडून परत यायचे. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले. पुढच्या एखाद्या पुरात ते त्या घरात बुडून मरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

गेल्या जुलैत तीन दिवस पाऊस हटला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मोबाइलवर नदीच्या पातळीचे मेसेज यायला लागले, तशी मी शाळेत रजा कळवली आणि एसटी पकडली. या खेपेला उचलून न्यायचं, असं मनाशी ठरवूनच निघाले होते.

अब्बा पलंगावर बसून शांतपणे चहात खारी बुडवत होते.

“रिक्षा उभी हाय बाहेर. चला,” मी म्हटलं.

“तू जा गो. मी नाय येत.”

“पानी आला म्हंजे?”

“वर जाऊन बसू. दर टायमाला बसतो.”

“फहाद शिफ्टला असला तर तुमाला वर कोन चढवनार?”

“वर कोनतरी लागतो ना घ्यायला,” अब्बा म्हणाले आणि दुसरी खारी उचलली.

हे उत्तर माझ्या प्रश्नाचं नव्हतं, पण म्हाताऱ्यांची उत्तरं तशीच असतात असं समजून मी भांडत राहिले. तेवढ्यात फहाद रात्रपाळी करून आला. पायात कंपनीचे बूट, डोळे लाल. तो म्हणाला की दगडी पुलाकडचा रस्ता बंद झालाय आणि रिक्षावाला केव्हाच पळालाय. मग मोरीत गुडगुड झालं.

अब्बांना खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी कसंबसं माळ्यावर चढवलं. फहादच्या कंपनीत आगीचं ड्रिल होतं, गॅसचं ड्रिल होतं, आणि घरात टॉर्च कुठे आहे ते त्याला सांगता येत नव्हतं. मी त्याला दोन शिव्या घातल्या आणि वर जाऊन पालथी पडले.

थाप, थाप. “घे.” तांदळाचं पिंप. थाप, थाप. “घे.” गादी, मग दुसरी गादी. कागदांची पिशवी, मिक्सर, कुकर. माळ्यावर कौलांतून येणारा करडा उजेड होता, शेणाचा आणि उंदरांचा वास होता, आणि मला, खरं सांगते, बरं वाटत होतं. लहानपणी पुराच्या दिवशी शाळा नसायची. अम्मा माळ्यावर स्टोव्ह पेटवून कांदा-बटाट्याचा रस्सा करायची आणि आम्ही कौलाच्या फटीतून वाहत्या म्हशी बघायचो. भीती ही मोठ्यांची गोष्ट होती. घासलेटचा तो वास मला अजून आवडतो.

“झाला सगला!” फहाद खालून ओरडला. “पानी कंबरेला हाय. मी कृष्णाबाईला बगून येतो, ती एकटीच हाय.”

कृष्णाबाई म्हणजे आमची शेजारीण, ऐंशीच्या पुढची. मी म्हटलं, जा, पण लगेच ये. तो मागच्या दारानं पाणी कापत गेल्याचा आवाज मी ऐकला.

दहाएक मिनिटांनी शिडीवर थाप पडली. दोनदा.

“घे गो.”

आवाज पावसात नीट आला नाही. मी हात खाली सोडले. हातात पितळेचा तांब्या आला, पोटाला पोचा पडलेला. स्वयंपाकघरात कुठेतरी असेल म्हणून मी तो बाजूला ठेवला. मग सूप आलं. मग डालड्याचा पिवळा डबा, झाकण घट्ट लावलेला. हलवला तर आत शेवया वाजल्या.

“फहाद, हे कुठना काढलास रे?”

थाप, थाप.

लाल प्लॅस्टिकच्या चपला आल्या. लहान मुलीच्या, डाव्या चपलेचा पट्टा काळ्या दोऱ्यानं शिवलेला. तो दोरा मी ओळखला. ती शिवण ओळखली. मी त्या चपला हातात धरून बसले आणि मला रडू आलं, कारण अम्मा गेली त्या रात्री त्या अजून खालीच होत्या म्हणून मी माळ्यावर भोकाड पसरलं होतं आणि अम्मा खालून म्हणाली होती, “देते गो, तुझीच पाळी.”

चपला कोरड्या होत्या. डबा कोरडा होता. सूपही कोरडं होतं.

खाली पाणी कंबरेच्या वर होतं.

मोबाइल वाजला. फहाद होता. “आपा, मी कृष्णाबाईच्या गच्चीवर अडकलोय. गल्लीत ओढ लय हाय, खाडीला ओहोटी लागल्याबिगर येता येनार नाय. अब्बा बरं हायत ना?”

“बरे हायत,” मी म्हटलं.

थाप, थाप.

मी हलले नाही. मी विज्ञान शिकवते. पाण्यात तरंगणारं काहीतरी शिडीवर आपटतंय, एवढंच ते असू शकतं, असं मी स्वतःला सांगितलं. आणि तांब्या? तांब्या माळ्यावरच असेल कुठेतरी. चपलाही. माळ्यावर काय काय पडलेलं असतं. अंधारात माझ्या हाताला लागलं असेल.

“काय आला?” पलंगाएवढ्या गाद्यांच्या ढिगावरून अब्बांनी विचारलं.

“काय नाय.”

“चपला आल्या काय?”

मी वळून पाहिलं. अब्बा उठून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला कधी न दिसलेलं काहीतरी होतं. ईदच्या चंद्राची वाट बघणाऱ्या पोराच्या तोंडावर असतं तसं.

“चपलांच्या पाठी ताटं येतात,” ते म्हणाले. “ताटांच्या पाठी पेटी. ह्याच्या आधी कदी पेटीपर्यंत आला नाय. पानीच उतरून जातो. म्हनून मी हितना हलत नाय.”

थाप, थाप.

मी घेतलं नाही तर ते घेतील, हे मला कळत होतं. म्हणून मी हात सोडले. ताटं आली, सहा, एकात एक, सुतळीनं बांधलेली. मी ती ठेवली. खाली पाणी शिडीच्या निम्म्याला आलेलं असणार, आवाज बदलला होता.

मग पेटी आली. एवढी जड, की माझे खांदे निखळतात असं वाटलं. निळ्या रंगाची, झाकणावर पांढऱ्या अक्षरात अब्बांचं नाव. कोरडी. वर ओढून घेतली आणि मी तिच्यावर डोकं टेकून धापा टाकत राहिले.

अब्बा रांगत तोंडाशी आले.

“अब्बा, मागे सरा.”

“आता तीच रायली,” ते म्हणाले. “सर तू.”

आणि हात वर आला.

रिकामा हात. मनगटात हिरव्या काचेच्या चार बांगड्या. बोटांची कातडी पाण्यानं सुरकुतलेली, पण हात तरुण होता. माझ्या हातापेक्षा तरुण. अम्मा एकतीस वर्षांची होती.

अब्बांनी दोन्ही हात खाली टाकले आणि छातीपर्यंत वाकले. मी मागून त्यांची कंबर धरली. त्यांचे गुडघे फळीवरून घसरत होते.

खाली काळं पाणी गरगरत होतं. त्यात पडले असते तर ते वर आले नसते.

“सोड मला,” अब्बा म्हणाले. “पोचतो आता. सोड गो.”

त्यांच्या आणि तिच्या बोटांत वीतभर अंतर होतं.

मला अम्मा हवी होती. छत्तीस वर्षं मला ती हवी होती. तिच्या हाताकडे बघत मी घाईत, पण अगदी साध्या आवाजात बोलले. शाळेत पोराला फळा पुसायला सांगावं तशी.

“अम्मा, शिवायचा मशीन रायलाय खाली. तेवढा घेऊन ये.”

हात थांबला.

बांगड्या किणकिणल्या. मग बोटं हळूहळू मिटली, आणि हात खाली गेला. पाण्यात आतल्या खोलीकडे कुणीतरी चालत गेल्याचा आवाज आला. कामाची बाई चालते तसा, न कुरकुरता.

अब्बांनी अंग सोडून दिलं. मी त्यांना ओढून गादीवर निजवलं. ते कौलांकडे बघत होते. मग म्हणाले, “तिनं तवाबी हात वर केला व्हता. मीच म्हटला, आधी पेटी आन.”

मी त्यांचे पाय पुसत राहिले.

चारच्या ओहोटीला पाणी उतरलं. फहाद आला, माळ्यावर चढला आणि पसारा बघून हसला. “काय काय भंगार ठेवलाय अब्बांनी!” म्हणाला. त्याला त्या वस्तू आठवण्याचं कारण नव्हतं. त्यानं पोचा पडलेल्या तांब्यातून पाणी प्यायलं आणि पेटीचं कुलूप गंजलंय, उघडत नाही, म्हणून ती कोपऱ्यात सरकवली. माळ्यावरच असेल सगळं आधीपासून. मीही असंच म्हणते, कुणी विचारलं तर.

दुसऱ्या दिवशी अब्बा माझ्याबरोबर पेणला आले. भांडण नाही, एक शब्द नाही. मला जे हवं होतं ते झालं. ते रामवाडीच्या बाल्कनीत बसून हायवेवरचे ट्रक बघतात, गोळ्या वेळेवर घेतात, वजनही वाढलंय. दिवाळीच्या सुमाराला एकदा त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “मशीन कशापायी सांगितलास?”

मी त्यांच्या हातावर गोळी ठेवली. अम्मा दुपारी उंबऱ्यावर बसून हातानं आमचे कपडे शिवायची. सुई बोटात गेली की हसायची आणि म्हणायची, कुवेतचा पैसा आला की पयला मशीन घेऊ. तोंडात आलं ते मी बोलून गेले. आमच्या घरात शिवायचं मशीन कधीच नव्हतं.

फहाद तिकडेच राहतो, त्याला कंपनी जवळ पडते. परवा दुपारी त्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, जरा वैतागलेला.

“आपा, घरात कोन शिरतो काय कलत नाय. चोरी तर कायच नाय. शिफ्टवरना येतो तर कपाटं उघडी, गाद्या उलगडलेल्या. कुलूप लावलेला असतो तसाच असतो. आन आज बग, आतल्या खोलीतल्या लाद्या उचकटल्यात सगल्या. फेकल्यात म्हनशील तर नाय. भिंतीला एकावर एक रचून ठेवल्यात, पुसून.”