आत्या निघाल्या

"दिवाळी झाली की मी वसतिगृहावर ऱ्हायला जानार हाय," भीमाबाई म्हणाली, आणि मोडलेला भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून करण आईकडं बघतच राहिला.

शेवगावातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात संध्याकाळची जेवणं चालली होती. चार वर्षांची पंकजा आजीला टेकून दूधभात खात होती. सासूला आत्या म्हणणारी सून धनश्री समोर बसली होती. ती एसटीत कंडक्टर; नुकतीच ड्युटीवरून आलेली, खाकी कपडे अजून अंगावरच. हे एवढंसं वाक्य भीमाबाईनं दिवसभर मनाशी घोळवलं होतं. भांडी घासताना, पंकजाची वेणी घालताना, अंगण झाडताना... आणि आता ते ओठांतून निसटलं तेव्हा तिचाच जीव धास्तावला.

पाथर्डीकडच्या डोंगराकडेला, तिच्या माहेरच्या गावात, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी हंगामापुरतं एक वसतिगृह चालायचं. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेले तरी मुलींची शाळा तुटू नये म्हणून. तिथं मुलींजवळ रात्रंदिवस राहणारी एक बाई हवी होती. भावाकडं गेलेल्या भीमाबाईला वसतिगृह चालवणाऱ्या राजेश्वरीताईंनी गल्लीतल्या पोरींच्या घोळक्यात पाहिलं आणि सहज विचारलं होतं, तुम्हाला आवडेल का यायला?

करण आधी हसला. मग त्याचा आवाज चढत गेला. घरात तिला काय कमी आहे, स्वतःची नात टाकून लोकांच्या पोरी सांभाळायच्या म्हणजे काय, मुलानं आईला घराबाहेर काढलं असं गाव म्हणणार नाही का... तो बोलत राहिला आणि भीमाबाई ऐकत राहिली. काय कमी आहे, हे तिला तरी कुठं सांगता येत होतं! तिनं मोठ्या आशेनं धनश्रीकडं पाहिलं.

धनश्रीनं मान खाली घातली आणि ताटातल्या आमटीत बोट फिरवत बसली.

करणच्या शब्दांनी जे झालं नव्हतं ते त्या गप्प बसण्यानं झालं. भीमाबाईच्या काळजात काहीतरी चरचरत गेलं. कारण तिला तो दिवस आठवला, ज्या दिवशी धनश्रीच्या नोकरीची ऑर्डर आली होती. पंकजा तेव्हा रांगतही नव्हती. सासरे कारभारी यांनी स्पष्ट नकार दिला. घरची सून चारचौघांच्या गर्दीत तिकिटं फाडत फिरणार नाही, म्हणाले. करण ना बापाच्या बाजूनं, ना बायकोच्या. धनश्री चुलीपाशी तोंड झाकून रडत होती. आणि उभ्या संसारात नवऱ्यासमोर कधी शब्द न काढलेली भीमाबाई दारात उभी राहून म्हणाली होती, "पोर मी संबाळते. तिला जाऊ द्या." कारभारींनी त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. पुढच्याच वर्षी ते गेले, मनातली अढी तशीच घेऊन गेले. त्यांच्या उशाशी बसून तिनं एका शब्दाची वाट पाहिली होती... तो शब्द आला नाही. तरीही सुनेसाठी बोलल्याचा पश्चात्ताप तिला कधी झाला नव्हता. आज मात्र तिच्यासाठी दारात उभं राहणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं राजेश्वरीताईंना फोन करून जमणार नाही म्हणून सांगितलं आणि पंकजाला आंघोळ घालायला घेतली.

पण मन काही जागेवर येईना. दूध उतू जाऊ लागलं. निवडलेले तांदूळ ती पुन्हा निवडायला घ्यायची. दारात जाऊन उभी राहायची, आपण कशाला आलो ते विसरून परत फिरायची. कोयते, भांडी, अंथरुणं आणि माणसं भरलेले ट्रक रस्त्यानं जाऊ लागले आणि त्यात एखादी पोर दिसली की तिचं स्वतःचं लहानपण डोळ्यांपुढं उभं राहायचं. उसाच्या फडाकडेला पाचटाच्या झोपडीत, कोपीत, धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती दिवस दिवस बसलेली असायची. शाळा तिनं पाहिली ती ट्रकमधून जातायेता. पुढं दिरांची पोरं, मग करण, मग पंकजा. सगळ्यांना तिनं जीव लावला होता, त्यातलं एकही लेकरू तिला कधी जड झालं नव्हतं. फक्त, तुला हे करायचंय का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर एका परक्या बाईनं ते विचारलं, आणि आता तो प्रश्न तिला स्वस्थ बसू देत नव्हता!

एका दुपारी पंकजानं ओट्यावर खुर्च्या मांडल्या, खांद्याला कापडी पिशवी अडकवली आणि बस सुरू केली. बाहुल्या चढल्या, उशी चढली. भीमाबाई नेहमीसारखी शेवटच्या खुर्चीत जाऊन बसली.

"आजी, तू उतर," पंकजा म्हणाली.

"का गं? मला दे की तिकीट."

"तुला कुठं जायचंय? तू आजी हाय. आजी घरीच असती."

भीमाबाई निमूटपणे उठली. आत गेली, स्वयंपाकाच्या ओट्याशी भिंतीला तोंड करून उभी राहिली, आणि इतक्या दिवसांचा कोंडलेला हुंदका तिला आवरेना. मागं पावलं वाजली तशी तिनं घाईघाईनं पदरानं डोळे पुसले. धनश्री ड्युटीवरून लवकर सुटली होती, आणि फाटकात उभी राहून तिनं सगळं ऐकलं होतं.

"आत्या, त्या दिवशी जेवताना मी गप बसले," धनश्री म्हणाली.

"जाऊ दे. पोर लहान हाय. तुझं काई चुकलं न्हाई."

"चुकलं. तुमी गेला तर माझी नोकरी जाईल, ह्या भ्यानं जीभ उचलली न्हाई. तुमी मामांशी भांडून मला नोकरीला धाडलं, आत्या... आन तुमची येळ आली तवा मी ताटात बघत बसले."

भीमाबाईनं सुनेचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. मग ती हळूच म्हणाली, "मला कधी कुनी पुसलंच न्हाई गं. त्या बाईनं पुसलं. लई बरं वाटलं, एवढंच हाय बघ."

"मग आता मी पुसते." धनश्रीनं डोळे पुसले. "तुमाला जायचंय का, आत्या?"

पंकजाची बस बाहेर कुठल्याशा गावाला थांबली होती. भीमाबाईनं एकदा बाहेर नातीकडं पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली.

धनश्रीनं त्याच दिवशी राजेश्वरीताईंना फोन लावला. जागा अजून रिकामीच होती. डेपोत साहेबांना भेटून तिनं दुपारी घरी येता येईल अशी ड्युटी मागून घेतली, आणि करणला सांगितलं की सकाळी पंकजाला आवरून बालवाडीत सोडायचं आणि मगच त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान उघडायचं. करण दोन दिवस घरात कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी भीमाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती तिथं येऊन तो उकिडवा बसला आणि उगीचच शेंगा फोडू लागला.

"आई, तू रागावून चाललीस का?"

"रागावून गेले असते तर तुला सांगत बसले असते व्हय?"

करणची मान खाली गेली. लहानपणी मार खाऊन आल्यावर जसा बसायचा तसाच तो बसला होता. "तुझ्याबिगर घर कसं असतं तेच मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला, आणि एवढा दांडगा माणूस शेंगांच्या टरफलांकडं बघत रडू लागला. भीमाबाईनं त्याच्या केसांतून हात फिरवला. त्या क्षणी तिचा सगळा निश्चय पाण्यासारखा वाहून जाणार होता. पण तिनं तो वाहू दिला नाही.

भाऊबीज झाल्यावर एका सकाळी ती निघाली. धनश्रीनं उंबऱ्यापाशी वाकून पाय धरले आणि रविवारी याल ना, म्हणून विचारलं. रविवारी तुझी ड्युटी असंल, भीमाबाई म्हणाली. तर मग सुट्टीच्या दिवशी आम्हीच तिकडं येऊ, धनश्री म्हणाली.

ओट्यावर करण पंकजाच्या वेण्या घालत होता. एक वेणी कानावर आली होती, दुसरीचा पेड दर खेपेला सुटत होता, आणि पंकजा आजीच्या नावानं टाहो फोडत होती. भीमाबाईची बोटं शिवशिवली. पुढं होऊन ते केस हातात घेतले असते, तर क्षणात नीट वेणी झाली असती आणि पोर हसली असती...

तिनं पिशवीचे बंद दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"सैल धरू नको, करण," फाटकातून ती म्हणाली. "जमंल तुला." आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागली.