साक्षीच्या गुडघ्याएवढं पाणी

पटो न पटो, हे घडलंय. माझा चुलतभाऊ मुकुल नायगावजवळच्या एका शाळेत मास्तर आहे. थापा मारायलाही त्याच्यात आता त्राण उरलेलं नाही.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. शुक्रवार, दुपारचे चार. मांजरा नदी.

दुसऱ्या दिवशी चौथीच्या पोरांचं वनभोजन होतं. मतदार याद्या, पोषण आहार, कसलं तरी सर्वेक्षण... सगळं उरकून मुकुल पाणी बघायला एकटाच आला होता. अंगात जीव नव्हता, पण पोरांची जबाबदारी त्याच्यावर होती.

त्याची पद्धत साधी होती. वर्गातली सगळ्यांत बुटकी साक्षी. तिला बांबूशेजारी उभं करून त्यानं तिच्या गुडघ्याच्या उंचीला सुतळी बांधली होती. जिथं सुतळी बुडेल, तिथं पोरांना बंदी.

काठावर केरबा भोई जाळं सांधत बसला होता.

"कुणाचं माप हाय ते, गुरुजी?"

"वर्गातल्या पोरीचं."

केरबाचे हात थांबले. "जित्या माणसाचं माप नदीला दावत न्हाईत."

मुकुलनं कानाआड केलं.

बांबू टेकवला. पाणी बरोबर सुतळीला.

दहा पावलं पुढं... सुतळीलाच.

आणखी पुढं... सुतळीलाच. चला, झालं एकदाचं, असं त्याला वाटलं.

मग जाणवलं, नदीचा आवाजच येत नाहीये.

त्यानं खाली पाहिलं...

तो स्वतः छातीएवढ्या पाण्यात उभा होता.

सुतळीही तिथवर चढली होती. गाठ त्याचीच, घट्ट.

तो कसाबसा काठावर आला. बघतो तर सुतळी पुन्हा साक्षीच्या गुडघ्याएवढी.

वनभोजन रद्द झालं. मुख्याध्यापकांची बोलणी त्यानं मुकाट ऐकली. बांबू केरबानं ठेवून घेतला. "म्या झोपडीत ठिवतो. ह्याला परत पाणी दावायचं न्हाई."

साक्षीला काही झालं नाही. जूनमध्ये पाचवीत गेली.

दिवाळीनंतर केरबाचा फोन आला. "गुरुजी, ती सुतळी वर सरकाय लागलीया. बोटभर सरकली."

मुकुलनं त्याच्याकडून माप घेतलं. शाळेत साक्षीचा गुडघा मोजला.

पोरगी वाढली होती. माप तंतोतंत जुळलं.

परवा हे सांगताना त्याचे डोळे मिटत होते. मी म्हणालो, "कापून टाक की ती सुतळी."

त्यानं डोळे उघडले.

"कापल्यावर साक्षीला काही झालं तर?"

बांबू अजून केरबाच्या झोपडीत आहे. दीड वर्ष झालं... सुतळी वाळलेली नाही.