पर्मिलियाची रोजनिशी

धाकट्या दोघांना कवेत घेऊन ॲल्वाने अंगणात चौफेर पाहिले आणि विचारले, “एमेलीन कुठाय?”

तीन वर्षे डेन्मार्कात धर्मप्रचार करून तो अमेरिकेत यूटातल्या आपल्या खोऱ्यात आजच परतला होता. या क्षणासाठी त्याच्या पत्नीने, केटुराने, मनोमन किती शब्द जुळवून ठेवले होते! पण ओठांतून निघाले ते एवढेच, “ती गेली... दोन वर्षं होतील आता. तापानं.”

तो पांढराफटक पडला. मुलगी वाचायला शिकली का, असे त्याने गेल्याच पत्रात विचारले होते आणि केटुराने सगळी सुखरूप असल्याचे उत्तर धाडले होते.

“मला कळवायचं नाही, हे कुणी ठरवलं?”

दाराशी त्याची आई पर्मिलिया काठीच्या आधाराने उभी होती. डोळ्यांनी अधू झालेल्या त्या म्हातारीने मान खाली घातली. केटुराने सासूकडे एकवार पाहिले.

“मीच,” ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात ॲल्वा तिच्याशी गुराढोरांपुरते आणि पाटाच्या पाण्यापुरतेच बोलला. जेवण झाले की आभार मानून कोठारात निजायला जाई. केटुराने ते सारे मूकपणे सोसले. लेक गमावलेल्या माणसाची आईही आपण हिरावून घ्यायची का, एवढाच प्रश्न ती स्वतःला विचारी आणि त्याचे उत्तर दर वेळी एकच येई.

मार्चमधल्या एका दुपारी पर्मिलियाने लेकाला आपली रोजनिशी वाचून दाखवायला सांगितले. पुढच्या पिढ्यांसाठी त्या वस्तीत घरोघरी रोजनिशी लिहीत. नजर गेल्यापासून म्हातारी सांगे आणि केटुरा लिही. ॲल्वा वाचत वाचत एमेलीन गेली त्या तारखेपाशी आला.

“‘एमेलीन पहाटे गेली. सुतार गावात नव्हता, म्हणून सुनेने धान्याच्या पेटाऱ्याच्या फळ्या काढून शवपेटी स्वतः ठोकली. ॲल्वाला कळवले नाही.’”

“पुढं वाच.”

“पुढं दुसरी तारीख आहे, आई.”

 म्हातारी हलकेच म्हणाली, “पुढं मी सांगितलं होतं. सुनेनं तुला पत्र लिहिलं होतं, ते मी चुलीत घातलं आणि तिला शपथ घातली. तुझा थोरला भाऊ प्रचार अर्धा टाकून आला, तो लोकांच्या बोलण्यानं खचून मेला. तुझं तसं होऊ नये म्हणून... तोंडानं सांगायला धीर झाला नाही रे. वाटलं, वही सांगेल. हिनं ते लिहिलंच नाही!”

केटुरा मागच्या अंगणात कपडे पिळत होती. ॲल्वा येऊन समोर उभा राहिला.

“आईनं सांगितलेलं का नाही लिहिलंस?”

“उद्या नातवंडं वाचतील,” ती म्हणाली. “त्यांना आजी तेवढ्या एका गोष्टीपुरतीच कळली असती.”

तो कपड्यांच्या टोपाजवळच्या ओंडक्यावर बसला. “तुला एकटीला सगळं... आणि मी वर...” मग तो म्हणाला, “मला पहिल्या दिवसापासून सांग. काही गाळू नकोस.”

केटुराने ओले हात पुसले आणि त्याच्या शेजारी बसली.

“सोमवार होता. सकाळी तिनं दूध नको म्हटलं...”

आणि दोन वर्षे उशिरा, आपल्या पत्नीचा हात हाती धरून, एक बाप आपल्या लेकीसाठी रडू लागला.