शिवण का डगमगते?

चेंडू नवा होता, शिवण स्लिपकडे रोखलेली होती, तरी शर्वाणीचा चेंडू हवेत वळेना. उद्या जिल्हा संघाची निवड. स्विंग गोलंदाजाची एकच जागा उरली होती.

आबांनी आपल्या लांबलचक कार्यशाळेच्या कोपऱ्यातल्या यंत्रमानवावरची चादर काढली. मनगट मोडलेल्या रुग्णांना पुन्हा हालचाल शिकवायला तो त्यांनी आणि प्रमिलाआजींनी मिळून बनवला होता. आजी गेल्यापासून आबांनी त्याला हात लावला नव्हता. आज नातीसाठी लावला.

शर्वाणीने मनगटाला सेन्सरचा पट्टा बांधून चेंडू टाकला. यंत्रमानवाने तीच हालचाल सावकाश करून दाखवली. चेंडू सुटता सुटता त्याचं मनगट डावीकडे कलंडलं.

“मी असं करत नाही,” शर्वाणी म्हणाली.

“माझं मनगट तुझ्यावरच गेलंय,” यंत्रमानव म्हणाला.

सराव कुठे करतेस, आबांनी विचारलं. इमारतीच्या पार्किंगमध्ये. तिथे उजवीकडे कर्णिककाकूंची खिडकी होती. चेंडू तिकडे जाऊ नये म्हणून शेवटच्या क्षणी मनगट वळवायची सवय लागलेली. काच वाचली, स्विंग गेला.

आबांनी समजावलं. बोटं शिवणीच्या सरळ मागे राहिली, की सुटताना चेंडूला उलटी फिरकी (पुढे जाता जाता मागच्या दिशेने फिरणे) मिळते. फिरता भोवरा पडत नाही, तशी मग शिवणही डगमगत नाही. चेंडूला हवेचा पातळ थर चिकटून वाहतो. शिवण तिरकी रोखलेली असल्याने तिचे टाके एकाच बाजूचा थर घुसळतात. घुसळलेली हवा चेंडूला जास्त वेळ धरून राहते, दुसऱ्या बाजूची लवकर सुटते. त्यामुळे मागची हवा एका बाजूला ढकलली जाते आणि चेंडू तिच्या उलट, शिवण रोखलेली असते तिकडे वळतो.

“आणि शिवण डगमगली तर?”

“तर कधी ही बाजू घुसळते, कधी ती. मग ढकलणार कोण?”

कळलं, तरी हात ऐकेना. तेव्हा यंत्रमानव म्हणाला, “घाई नाही, बाळ. मनगटाचा विचार सोड. तळहात समोर दाखव.”

आबा थबकले. हे बोलणं त्याला प्रमिलाआजींनी शिकवलं होतं. रुग्णाला त्या ‘असं करू नको’ कधी म्हणत नसत. काय करायचं तेवढंच सांगत. शर्वाणीने तळहात समोर दाखवला. चेंडू हवेत वळला. आबांनी मनातल्या मनात आजींचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी तिची निवड झाली. घरी येताच तिने विचारलं, “आबा, चेंडू जुना होऊन शिवण झिजली, की मग?”

आबांनी खुर्ची पुढे ओढली. फार दिवसांनी कुणीतरी त्यांच्याकडे नवा प्रश्न घेऊन आलं होतं.